कुडकुडल्याशिवाय मिळणारी ऊब

डिसेंबरातल्या सकाळी बाळंतिणीच्या खोलीत डोकावून बघा. खिडक्या बंद, बाळाच्या डोक्यावर टोपडं, अंगाभोवती दुपट्याची घट्ट गुंडाळी, आणि एवढं करूनही आजीचं चालूच असतं, ‘पाठ झाक गं त्याची.’ त्याच खोलीत स्वेटर घातलेला मामा हात चोळत कुडकुडत उभा असतो. बाळ मात्र कुडकुडत नाही. ते रडेल, हातपाय आखडून घेईल, पण मोठ्यांच्या अंगात उठते तशी थरथर त्याच्या अंगात उठत नाही. नवजात बाळाच्या स्नायूंना ते काम अजून नीट जमतच नाही. तरीही ते स्वतःपुरती उष्णता तयार करत असतं, आणि तीही निपचित पडल्या पडल्या.

ही शेगडी असते दोन खांद्यांच्या मधोमध, मानेभोवती आणि मूत्रपिंडांच्या आसपास. तिथे एक वेगळ्याच प्रकारची चरबी असते, रंगाने तपकिरी. आजीचं पाठीकडे लक्ष असतं ते अनुभवातून, शरीरशास्त्र वाचून नव्हे; पण जागा तिने बरोबर हेरलेली असते. (बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, त्यावाटे बरीच उष्णता जाते, म्हणून टोपडंही तितकंच महत्त्वाचं.) गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत हा साठा भरत जातो. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे तो कमी असतो, आणि अशा बाळांना आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत इतकी उपयोगी पडते.

ही चरबी उष्णता कशी काढते ते समजायला कोयना धरण डोळ्यांसमोर आणा. धरणाचं पाणी बोगद्यातून जनित्राकडे सोडलं की वीज मिळते. तेच पाणी सांडव्यावरून सोडलं की वीज नाही, नुसता धबधबा. आपल्या पेशींमधल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) म्हणजे अशीच धरणं. अन्न जाळून त्या एका पडद्याआड विद्युतभारित कणांचा साठा करतात, आणि तो साठा एका फिरत्या चक्रातून सोडून एटीपी नावाचं पेशीचं चलन पाडतात. तपकिरी चरबीच्या पेशींमध्ये तंतुकणिका खचाखच भरलेल्या असतात (त्यातल्या लोहामुळेच तो रंग), आणि त्यांच्या पडद्यात एक जास्तीचं प्रथिन असतं, यूसीपी१. हे प्रथिन म्हणजे सांडव्याचा दरवाजा. तो उघडला की साठा चक्राला वळसा घालून निसटतो. चलन पाडलं जात नाही, इंधन मात्र जळतच राहतं आणि सगळी ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते.

आता प्रश्न असा, की दरवाजा उघडतं कोण? बाळ तर काही ठरवत नाही. त्वचेला गारवा लागल्याची खबर मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसला जाते, तिथून पाठीच्या कण्यातून एक आज्ञा निघते आणि तपकिरी चरबीत शिरलेल्या बारीक चेतातंतूंच्या टोकांना नॉरअॅड्रेनॅलिन नावाचं रसायन पाझरतं. पेशीने ते ओळखलं की चरबीचे साठे फुटतात आणि दरवाजा उघडतो. हे तंतू कापले, तर थंडीतही शेगडी पेटत नाही. प्राण्यांमधल्या प्रयोगांत हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

हे तंतू ज्या संस्थेचे, तिला शाळेच्या पुस्तकात स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. शरीराचा ऊर्जाखर्च ठरवण्यात तिचा हात किती आणि कसा, हे मला सांगायचं आहे. ‘मेटाबॉलिझम वाढवा’ अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर दर दहा मिनिटांनी येतात. त्या वाढवा म्हणतात ते नेमकं काय, आणि तो खटका नक्की कुठे कुठे जोडलेला आहे, हे एकदा कळलं की त्या जाहिराती वेगळ्या दिसायला लागतात.

आधी हिशेब. मध्यम बांध्याचं प्रौढ शरीर नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला साधारण १५०० ते १६०० किलोकॅलरी खर्च करतं. विजेच्या भाषेत सांगायचं तर ७५ वॉट, म्हणजे छताला लटकणाऱ्या जुन्या पद्धतीच्या एका पंख्याइतका. हा झाला मूलभूत खर्च, आणि बैठं काम करणाऱ्याच्या एकूण खर्चात त्याचाच वाटा ६० ते ७० टक्के असतो. यकृत, मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडं मिळून वजनाच्या पाच-सहा टक्के भरतात, पण या मूलभूत खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा खातात. जेवण पचवायला, साठवायला साधारण १० टक्के जातात. उरलेलं हालचालीत, आणि हालचाल म्हणजे फक्त जिम नव्हे. उठबस, पायऱ्या, बसल्या बसल्या पाय हलवणं, सगळं त्यात आलं.

मग स्वायत्त चेतासंस्था म्हणजे या पंख्याचा रेग्युलेटर. पंखा ती फिरवत नाही, तो पेशींच्या जोरावर आणि थायरॉइडच्या देखरेखीखाली फिरतोच. ती वेग कमी-जास्त करते. हा दृष्टांत मला आवडतो तो त्यातल्या एका खोडीमुळे: या घरातल्या रेग्युलेटरला एकटा पंखा जोडलेला नाही. त्याच बटणावर दिवा आहे, पाण्याचा पंप आहे आणि देवघरातली समईसुद्धा. एक वाढवायला जावं तर बाकीचीही हलतात. ही खोड लक्षात ठेवा, पुढे ती वारंवार आडवी येणार आहे.

‘स्वायत्त’ हे नाव केंब्रिजचे शरीरशास्त्रज्ञ जॉन न्यूपोर्ट लँगली यांनी १८९८ मध्ये वापरात आणलं. तिचे दोन मुख्य भाग. एक अनुकंपी, ज्याला डॉक्टर मंडळी सरसकट सिंपथेटिक म्हणतात, आणि दुसरा परानुकंपी, म्हणजे पॅरासिंपथेटिक. दुसऱ्यातला सर्वांत मोठा तंतू व्हेगस. मेंदूच्या बुडातून निघून तो मानेतून उतरतो आणि हृदय, फुफ्फुसं, जठर असं करत आतड्यापर्यंत भटकतो.

तंतूंच्या टोकाला आज्ञा रसायनाच्या रूपात पोचते, हे सिद्ध केलं ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातल्या ऑटो लोवी यांनी, १९२१ मध्ये. गोष्ट प्रसिद्ध आहे, पण मजेची आहे. प्रयोगाची कल्पना त्यांना स्वप्नात सुचली. झोपेतच उठून त्यांनी कागदावर खरडलं आणि सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. पुढच्या रात्री तेच स्वप्न पुन्हा पडलं, तेव्हा मात्र ते कागद शोधत बसले नाहीत, थेट प्रयोगशाळेत गेले. बेडकाच्या एका हृदयाचा व्हेगस छेडून ते मंदावलं, त्याच्या भोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयावर सोडलं, आणि ज्याला कुणी हात लावला नव्हता ते दुसरं हृदयही मंदावलं. ते रसायन अॅसिटिलकोलीन होतं. अनुकंपी तंतूंचं रसायन नॉरअॅड्रेनॅलिन असल्याचं स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४० च्या दशकात दाखवलं. दोघांनाही नोबेल मिळालं, लोवींना १९३६ मध्ये आणि फॉन ऑयलरना १९७० मध्ये.

अनुकंपी म्हटलं की सगळ्यांना एकच चित्र आठवतं: समोर वाघ, छातीत धडधड, ‘लढा नाहीतर पळा’. अमेरिकेचे वॉल्टर कॅनन यांनी ही कल्पना १९१५ च्या सुमारास मांडली आणि ती इतकी लोकप्रिय झाली की बाकीचं झाकोळून गेलं. लोकांना वाटतं, अनुकंपी संस्था म्हणजे अग्निशमन दल, आग लागली की धावणारं. प्रत्यक्षात ती नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यासारखी आहे, चोवीस तास चालू, कुठल्या वॉर्डात किती दाब एवढंच बदलणारी. तुम्ही हा लेख वाचत असताना तुमच्या पायातल्या अनुकंपी तंतूंतून ठराविक लयीत आवेग जात आहेत. स्वीडनमधल्या उप्साला इथे १९६० च्या दशकात कार्ल-एरिक हागबार्थ आणि आके वॉल्बो यांनी केसासारखी बारीक टंगस्टनची सुई जिवंत माणसाच्या चेतातंतूत टोचून हे आवेग ऐकण्याची पद्धत शोधली. ऐकण्याची म्हणजे खरोखरच, स्पीकरवर.

परानुकंपीचं काम उलट, असं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. हृदयाला एकटं सोडलं तर त्याची स्वतःची चाल मिनिटाला १०० ठोक्यांच्या आसपास असते. हृदय प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये, जिथे तंतू तुटलेले असतात, ती तशी दिसते. निवांत बसलेल्या आपल्या हृदयाचे ठोके ७० पडतात ते व्हेगसने लगाम खेचून धरलेला असतो म्हणून. म्हणजे विश्रांती ही काही न करण्याची अवस्था नव्हे, तीही कुणीतरी सतत करत असतं.

निवांत अवस्थेतल्या खर्चात अनुकंपीचा हिस्सा किती, हे मोजायची सोपी युक्ती आहे. तिचा निरोप अडवणारी औषधं रक्तदाबासाठी, धडधडीसाठी कित्येक वर्षं वापरात आहेत. बीटा ब्लॉकर या गटातलं प्रोप्रॅनोलॉल देऊन ऊर्जाखर्च किती घटतो ते पाहायचं. उत्तर थोडं निराश करणारं आहे: निरोगी तरुण माणसात जेमतेम काही टक्के. वय वाढलं, बैठेपणा आला की हा हिस्सा आणखी आकसतो, आणि स्त्रियांमध्ये तो पुरुषांपेक्षा कमी आढळला. रेग्युलेटरचा पल्ला आपल्याला वाटतो तेवढा मोठा नाही. पण रोजचे दोन-चार टक्के वर्षानुवर्षं साठत गेले तर काय होतं, ते बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांत दिसतं. अशा औषधांच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा वजन सरासरी सव्वा किलोच्या आसपास वाढलेलं निघालं. (हे वाचून कुणी आपली गोळी बंद करू नये. सव्वा किलोपेक्षा हृदयविकाराचा झटका महाग पडतो.)

जेवणानंतर काय होतं? भरल्या पोटी सुस्ती येते, त्यामुळे त्या वेळी फक्त परानुकंपीचं राज्य असावं असं वाटतं. पचनाचं खातं तिच्याकडेच आहे. पण त्याच वेळी, विशेषतः पिष्टमय जेवणानंतर, इन्शुलिन वाढतं आणि त्याच्या इशाऱ्याने अनुकंपी संस्थाही जागी होते. जेवणानंतर अंग गरम होतं त्यातला मोठा भाग पचवण्या-साठवण्याची मजुरी असते, ती टळत नाही. प्रथिनांसाठी ही मजुरी सर्वांत जास्त, मिळालेल्या कॅलरींच्या २० ते ३० टक्के, भातभाकरीसाठी ५ ते १०, तुपासाठी नगण्य. यापलीकडची छोटीशी भर अनुकंपी घालते. त्या अर्थाने शेतकऱ्याच्या न्याहारीतलं पिठलं दुहेरी काम करतं, पोट भरतं आणि अंगात थोडी ऊबही आणतं.

आणि उपाशी राहिलं तर? ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हा प्रकार सोडून देऊ, साबुदाण्याच्या खिचडीवर बेतलेला उपास रेग्युलेटरच्या लेखी उपासच नाही. खराखुरा निराहार घ्या. एखाद-दुसरा दिवस उपाशी राहिलं की चयापचय मंदावतो, असं बरेच जण ठामपणे सांगतात. व्हिएन्नात २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उलटं दिसलं: पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातलं नॉरअॅड्रेनॅलिन वाढलं आणि विश्रांतीतला खर्चही किंचित वाढला. मला यात शहाणपण दिसतं. भूक लागलेल्या प्राण्याने गुहेत झोपून राहण्यापेक्षा शिकारीला निघावं, म्हणून ही चिमूटभर तडफ.

खरा बदल दिसतो तो अन्न आठवडेच्या आठवडे कमी पडलं की. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीझ यांनी ३६ तरुणांना स्वेच्छेने अर्धपोटी ठेवलं. युद्धात लढायला नकार दिलेली ही मुलं होती. युरोपातल्या उपाशी माणसांना पुन्हा कसं जेवू घालायचं हे शिकण्यासाठी त्यांनी २४ आठवडे ते सोसलं. वजन पाव हिश्श्याने घटलं. पण जास्त बोलकं काय, तर त्यांच्या नाड्या. ५५ च्या आसपास असलेले ठोके ३५ पर्यंत उतरले. भर उन्हाळ्यात ती मुलं पांघरूण मागायची. मूलभूत खर्च ४० टक्क्यांच्या जवळपास घसरला, आणि तो केवळ शरीर लहान झालं म्हणून नव्हे. उरलेलं प्रत्येक किलोही आता काटकसरीने जगत होतं. दुष्काळ पाहिलेल्या कुठल्याही गावातल्या म्हाताऱ्यांना हे नवं वाटायचं नाही.

याच गोष्टीचा सौम्य अवतार डाएट करणाऱ्या कुणालाही भेटतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रूडोल्फ लीबेल, मायकेल रोझेनबाउम आणि ज्युल्स हर्श यांनी माणसांना १० टक्के वजन उतरवायला लावून, ते तिथेच स्थिर ठेवून, त्यांचा खर्च मोजला. १९९५ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की तो नव्या, हलक्या शरीराच्या मानाने जेवढा हवा होता त्याहूनही १५ टक्क्यांच्या आसपास कमी भरला. पुढे तपासलं तेव्हा अनुकंपीचा सूर उतरलेला, परानुकंपीचा चढलेला, थायरॉइडचं सक्रिय संप्रेरकही खाली. स्नायू तेच काम कमी इंधनात करू लागलेले.

हे सगळं घडवणारा खबऱ्या त्याच विद्यापीठात सापडला होता. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये लेप्टिन शोधलं. चरबीच्या पेशीच ते तयार करतात, आणि हायपोथॅलॅमस त्यावरून कोठारात किती धान्य उरलंय याचा अंदाज घेतो. चरबी घटली, लेप्टिन घटलं, की मेंदू समजतो दुष्काळ पडला. वजन उतरवलेल्या माणसांना बाहेरून थोडं लेप्टिन टोचून जुन्या पातळीवर आणलं, तेव्हा अनुकंपीचा सूर आणि थायरॉइड दोन्ही पुष्कळसे पूर्ववत झाले. शरीराला वजन उतरलं याचं दुःख नव्हतं, खबर बदलली एवढंच. लग्नाआधी घाईघाईने दहा किलो उतरवणाऱ्या आणि वर्षात बारा चढवणाऱ्या मंडळींना आपण आळशी म्हणतो. त्यातल्या निदान काही भागाला तो शब्द लागू होत नाही, इतकं तरी या मोजमापांवरून म्हणता येतं.

रेग्युलेटर शेवटच्या खाचेपर्यंत फिरला तर काय होतं, ते भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात दिसतं. शरीराचा मोठा भाग भाजला की अॅड्रेनॅलिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन कित्येक पटींनी वाढतात आणि आठवडेच्या आठवडे उतरत नाहीत. रुग्ण खाटेवर पडलेला असतो, पण त्याचं शरीर आतून धावत असतं. अशा माणसाला कितीही भरवलं तरी स्नायू डोळ्यांदेखत झडतात. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनच्या डॉक्टरांनी, डेव्हिड हर्न्डन यांच्या नेतृत्वाखाली, गंभीर भाजलेल्या २५ मुलांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या काहींना तेच साधं, जुनं, स्वस्त प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, हृदयाचे ठोके सुमारे २० टक्के उतरतील इतकं. त्या मुलांचा खर्च घटला आणि स्नायू टिकले. निरोगी माणसात दोन-चार टक्क्यांचा फरक पाडणारी गोळी इथे एवढी उपयोगी पडते, कारण इथे बटणच पूर्ण फिरलेलं असतं.

याचाच एक दुर्मीळ भाऊ म्हणजे फिओक्रोमोसायटोमा, मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीतली अशी गाठ जी हीच रसायनं बेहिशेबी ओतत राहते. रुग्णाला दरदरून घाम, धडधड, डोकेदुखी आणि चढलेला रक्तदाब. अनेकांचं वजनही उतरतं. स्कॅनमध्ये त्यांच्या मानेत तपकिरी चरबी झळाळून उठलेली दिसते.

मोठ्यांमध्ये तपकिरी चरबी? हो. आणि तिची गोष्ट अगदी अलीकडची आहे. स्वित्झर्लंडच्या कॉनराड गेस्नर यांनी १५५१ मध्येच मार्मोट या प्राण्याच्या पाठीतला हा पदार्थ पाहून ना धड चरबी ना धड मांस असं त्याचं वर्णन केलं होतं. माणसात मात्र ती फक्त बाळांत असते आणि पुढे विरून जाते, असंच कित्येक दशकं शिकवलं गेलं. मग कर्करोग शोधण्यासाठी पेट-सीटी स्कॅन आले. त्यात साखर जास्त पिणारी ऊती उजळते, आणि गार खोलीत स्कॅन झालेल्या काही रुग्णांच्या गळपट्टीच्या हाडांवर दोन्ही बाजूंना उजेड दिसू लागला. गाठ नव्हती. २००९ मध्ये बोस्टन, नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्ट आणि फिनलंडमधलं तुर्कू अशा तीन ठिकाणच्या गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की ही प्रौढांतली जिवंत तपकिरी चरबी आहे. मास्ट्रिख्टमध्ये १६ अंशांच्या गारव्यात बसवलेल्या २४ पुरुषांपैकी २३ जणांत ती पेटलेली होती. लठ्ठ माणसांमध्ये तिची धग कमी होती.

थंडीची सवय लागते का, हा पुढचा प्रश्न. कोरियातल्या हेन्यो, म्हणजे ऑक्सिजनच्या टाकीशिवाय बुडी मारून शंखशिंपले काढणाऱ्या बायका, पूर्वी सुती कपड्यांत हिवाळ्यातल्या १० अंशांच्या समुद्रात उतरायच्या. १९६० च्या दशकात सुक की हाँग यांनी त्यांना मोजलं तेव्हा हिवाळ्यात त्यांचा मूलभूत खर्च ३० टक्क्यांच्या आसपास वाढलेला सापडला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रबरी पोशाख आले आणि काही वर्षांत ही खासियत नाहीशी झाली. जपानमध्ये अलीकडे काही पुरुषांना रोज २ तास १७ अंशांच्या खोलीत सहा आठवडे बसवलं, तेव्हा त्यांची तपकिरी चरबी जागी झाली आणि अंगावरची चरबी थोडी घटली. पुण्या-नाशिकची डिसेंबरातली पहाट तेवढी गार असते, पण तेव्हा आपण रजईत असतो.

आपल्याकडचा मुद्दा निघालाच आहे तर एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हडकुळ्या दिसणाऱ्या भारतीय देहात दडलेल्या चरबीचं याहून सोपं चित्र मी पाहिलेलं नाही. यामागची कारणं अनेक आहेत, आणि गर्भापासून सुरू होतात. पण नेदरलँड्समधल्या लायडन इथे २०१४ मध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या निरोगी तरुणांची गोऱ्या तरुणांशी तुलना केली, तेव्हा त्यांची तपकिरी चरबी सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. जेमतेम २४ माणसांचा अभ्यास आहे, त्यावर इमले बांधू नयेत. तरी मधुमेहाच्या माहेरघरात राहणाऱ्यांनी त्याकडे लक्ष ठेवायला हरकत नाही.

रेग्युलेटर मुद्दाम खाली नेता येतो का? १९६१ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये बी. के. आनंद आणि सहकाऱ्यांनी रामानंद योगी यांना हवाबंद पेटीत बसवून त्यांचा प्राणवायूचा खर्च मोजला. तो त्यांच्या मूलभूत गरजेपेक्षाही खाली गेला होता. हे आनंद म्हणजे १९५१ मध्ये अमेरिकेत जॉन ब्रोबेक यांच्यासोबत हायपोथॅलॅमसमधलं भुकेचं केंद्र दाखवणारेच, त्यामुळे माणूस भाबडा नव्हता. पेटीत बसणारा एकच होता, हे मात्र विसरू नये.

वर नेण्याचे प्रयत्न यापेक्षा कितीतरी जास्त झालेत, कारण त्यात पैसा आहे. चहा-कॉफीतलं कॅफिन बटण किंचित फिरवतं. एका कपाएवढं, म्हणजे १०० मिलिग्रॅम घेतलं तर पुढचे दोन-अडीच तास तीन-चार टक्के. निकोटिन जास्त जोराने फिरवतं. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे १९८६ मध्ये दिवसाला २४ सिगारेटी ओढणाऱ्यांचा खर्च त्या दिवशी १० टक्क्यांनी जास्त निघाला. तंबाखू सोडल्यावर वजन का वाढतं याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं, तोंडाला चव येते. इफेड्रिन असलेल्या ‘नैसर्गिक’ पुड्या अमेरिकेत वजनासाठी धडाक्यात खपल्या, आणि झटके, पक्षाघात, मृत्यू नोंदले गेल्यावर २००४ मध्ये बंद झाल्या. सिब्युट्रामिन हे नॉरअॅड्रेनॅलिन रेंगाळत ठेवणारं भुकेचं औषध २०१० मध्ये अमेरिका-युरोपातून आणि पाठोपाठ भारतातूनही गेलं. कारण दर वेळी तेच, हृदय. एका बटणावरचा पंप.

म्हणून संशोधकांनी फक्त चरबीकडे जाणारी तार शोधायला घेतली. नॉरअॅड्रेनॅलिन ओळखणारे पेशींवरचे ग्राहक (रिसेप्टर) वेगवेगळे असतात. हृदयावर मुख्यतः बीटा-१, श्वासनलिकेत बीटा-२, आणि चरबीत व मूत्राशयात बीटा-३. बीटा-३ वर काम करणारं मिराबेग्रॉन हे औषध वारंवार लघवी लागणाऱ्यांसाठी आधीच बाजारात आहे, ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत. बोस्टनमधल्या गटाने २०१५ मध्ये १२ निरोगी तरुणांना त्याची २०० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली. तपकिरी चरबी पेटली, विश्रांतीतला खर्च दिवसाला सुमारे २०० किलोकॅलरींच्या दराने वाढला. पण हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढले. मात्रा मोठी झाली की औषध शेजारच्या तारांनाही हात घालतं. मग २०२० मध्ये मात्रा निम्मी करून १४ स्त्रियांना चार आठवडे रोज दिली. त्यांची तपकिरी चरबी वाढली, इन्शुलिनचं काम सुधारलं, चांगलं कोलेस्टेरॉल चढलं. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं, की माणसाच्या तपकिरी पेशींचा खरा खटका बीटा-३ नसून बीटा-२ असावा, तेव्हा तो वाद अजून चालूच आहे. त्या १४ जणींचं वजन चार आठवड्यांनंतरही होतं तेवढंच भरलं.